ग्राट्सचा शिलेखाना

युरोपात वीरांची चिलखते पाहावयाची झाली तर स्थळांना तोटा नाही. माद्रिदच्या राजवाड्यात सम्राट पाचव्या चार्ल्सची चिलखते आहेत. लंडनच्या टॉवरमध्ये आठव्या हेन्रीचे, त्याच्या वाढत्या देहमानाची साक्ष देणारे पोलाद उभे आहे. इन्सब्रुकजवळच्या आंब्रास गढीत तर सोळाव्या शतकातच टायरोलचा आर्चड्यूक दुसरा फर्डिनांड ह्याने नामांकित सेनानींची चिलखते ठिकठिकाणांहून मोठ्या हौसेने मागवून घेतली होती, आणि त्याच्या मृत्यूनंतर, १६०१ मध्ये, त्या वीरांच्या चित्रांचा व चरित्रांचा ग्रंथही छापून निघाला. ह्या सर्व ठिकाणी प्रत्येक चिलखताला नाव आहे, वंश आहे आणि कीर्ती आहे. ऑस्ट्रियाच्या दक्षिण भागातील ग्राट्स ह्या नगरात मात्र असा एक संग्रह आहे की, तेथे चिलखतांची संख्या हजारांत असूनही नावे मोजकीच सापडतात. ज्यांनी ती अंगावर चढविली ते बहुतेक शेतकरी, कारागीर आणि रोजावर ठेवलेले शिपाई होते. घोडेस्वार सरदारांची चिलखते तेथे आहेत, आणि ती सुंदरही आहेत. परंतु ती ह्या अनामिकांच्या सोबतीने, एकाच छपराखाली उभी आहेत.

ग्राट्स ही स्टायरिया प्रांताची राजधानी, मूर नदीच्या काठी वसलेली. तिच्या जुन्या भागात हेरेनगासे नावाचा मुख्य रस्ता आहे. रस्त्यावरील घरांच्या ओळीत एक अरुंद, उंच दर्शनी भिंत दिसते. प्रवेशद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत दोन दगडी युद्धदेवता उभ्या आहेत. घाईत जाणाऱ्या पांथस्थाला आत काय आहे ह्याची कल्पनाही येणार नाही. हेच लांडेस-त्सॉइगहाउस, म्हणजे प्रांताचे शस्त्रागार. आपल्या जुन्या दप्तरांतील भाषेत म्हणावयाचे तर शिलेखाना.

आत काचेची कपाटे आणि मखमली बैठका शोधणाऱ्याची निराशा होते. एकावर एक असे लाकडी मजले, लाकडी तुळया, लाकडी घोड्या आणि मांडण्या, व त्यांवर सुमारे ३२,००० वस्तू. बंदुका दस्त्यावर दस्ता टेकवून शेकड्यांनी रचलेल्या. पिस्तुले तुळयांना ओळीने अडकविलेली. छातीचे व पाठीचे पत्रे, त्यांवर शिरस्त्राणे, अशी माणसांवाचूनची पलटणच्या पलटण मांडण्यांवर बसलेली. वरच्या मजल्यावर भाले, परशू आणि तलवारी. सैनिकांचे नगारे व कर्णेही सुटलेले नाहीत. सगळी मांडणी अशी की, आज संध्याकाळी धोक्याची सूचना आली तर उद्या सकाळी रांगेने माल वाटता यावा. ऐतिहासिक शस्त्रागार आपल्या मूळ वास्तूतच एवढ्या प्रमाणावर टिकून राहिल्याचे दुसरे उदाहरण जगात नाही, असे ह्या विषयाचे जाणकार मानतात. इतर संग्रहालये वस्तू गोळा करून बनली. येथे वस्तू कोणी गोळा केल्या नाहीत. त्या येथेच होत्या आणि येथेच राहिल्या.

त्या येथे का आल्या हे समजण्यास थोडे मागे जावे लागेल. ग्राट्सच्या कॅथीड्रलच्या बाहेरच्या भिंतीवर १४८५ मध्ये काढलेले एक भित्तिचित्र आहे. काळाने ते पुष्कळ पुसट केले आहे. पाच वर्षांपूर्वी, १४८० साली, प्रांतावर कोसळलेली तीन संकटे त्यात दाखविली आहेत: टोळधाड, प्लेग आणि तुर्कांची स्वारी. पुढे १५२६ मध्ये मोहाचच्या रणांगणावर हंगेरीचा राजा पडला आणि मधला अडसरच नाहीसा झाला. १५२९ मध्ये सुलतान सुलेमानाने व्हिएन्नाला वेढा दिला. १५३२ मध्ये त्याचे सैन्य परतीच्या वाटेवर ग्राट्सजवळून गेले. त्यानंतरची दीडशे वर्षे स्टायरिया हा सरहद्दीच्या पाठीशी उभा असलेला प्रांत बनून राहिला. टेकड्याटेकड्यांवर लाकडाचे ढीग रचून ठेवलेले असत. शत्रू दिसताच एकावर जाळ, तो पाहून दुसऱ्यावर, असा इशारा काही वेळातच राजधानीला पोहोचे. मग ठराविक माणसांमागे एक ह्या हिशेबाने गावोगावचे लोक बोलाविले जात आणि त्यांच्या हातात द्यावयाची हत्यारे ह्या प्रांतिक साठ्यातून निघत.

येथे एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. त्या काळच्या चित्रांनी आणि बखरींनी तुर्कांचे जे रूप रंगविले आहे ते भीतीच्या रंगांनी रंगविलेले आहे. सरहद्दीवरचा नित्याचा व्यवहार म्हणजे लहान लहान छापे, गुरे पळविणे, माणसे पकडून खंडणी मागणे. आणि हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चाले. शिवाय ह्या शस्त्रागारातील हत्यारे केवळ तुर्कांवरच चालली असेही नाही. १६०५ मध्ये आणि पुन्हा १७०४ नंतर हंगेरीतील बंडखोर सैन्यांनी पूर्व स्टायरियात जाळपोळ केली, तेव्हाही शिलेखाना उघडावा लागला होता. ते बंडखोर ख्रिस्तीच होते.

ह्या साठ्याचा मालक राजा नव्हता, ही त्यातील महत्त्वाची बाब. तो प्रांताच्या प्रतिनिधिसभेचा होता. ह्या सभेत सरदार, धर्माधिकारी व नगरांचे प्रतिनिधी बसत. कर बसविण्याचा आणि पैसा मंजूर करण्याचा अधिकार तिचा. त्यामुळे राजालाही तिच्या दारी यावे लागे. १५७८ मध्ये ब्रुक येथील बैठकीत आर्चड्यूक चार्ल्सला सरहद्दीच्या संरक्षणासाठी द्रव्य हवे होते. सभेतील बहुसंख्य सरदार ल्यूथरपंथी, आर्चड्यूक कॅथलिक. त्याने त्यांना उपासनेची मोकळीक दिली, त्यांनी त्याला पैसा दिला. लोखंडाच्या मोबदल्यात धर्मस्वातंत्र्य असा हा करार. तो वीस वर्षेच टिकला. चार्ल्सचा पुत्र फर्डिनांड ह्याने १५९८ मध्ये प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांना प्रांताबाहेर घालविले, आणि दोन वर्षांनी, १६०० मध्ये, ग्राट्सच्या प्रॉटेस्टंट शाळेत गणित शिकविणाऱ्या एका शिक्षकालाही गाव सोडावे लागले. त्या शिक्षकाचे नाव योहानेस केप्लर. ग्रहांच्या गतीचे पहिले दोन नियम त्याने प्रागला जाऊन शोधले. शस्त्रांच्या यादीत अशा हानीची नोंद कोठेच होत नसते.

१६४२ मध्ये सभेने आपल्या कचेरीला लागूनच ही स्वतंत्र इमारत बांधावयास घेतली आणि थोड्याच वर्षांत ती पुरी झाली. तिचा स्थपती आंतोनिओ सोलार. पूर्वी नगरवेशींत आणि इतरत्र विखुरलेली हत्यारे त्यामुळे एका ठिकाणी आली. इमारत लाकडाने भरलेली असण्यास कारण आहे. दगडी भिंतीला ओल येते, ओल आली की लोखंड गंजते. लाकूड ती ओल शोषून घेते. ज्यांचे आयुष्य शस्त्रे राखण्यात गेले अशा माणसांनी हे अनुभवाने ठरविले होते.

आता चिलखतांकडे वळावे. लोखंडी पोशाखातला वीर म्हणजे पडला तर उठता न येणारा, घोड्यावर चढविण्यासाठी यारी लागणारा, अशी समजूत चित्रपटांनी पसरविली आहे. ती चुकीची आहे. रणांगणावर वापरावयाच्या संपूर्ण चिलखताचे वजन साधारणतः २० ते २५ किलो असे, आणि ते खांदे, कंबर, दंड, मांड्या असे सर्वांगावर वाटलेले असे. सराव असलेला मनुष्य त्यात धावू शके, पडून उठू शके, स्वतः घोड्यावर चढू शके. सगळी करामत सांध्यांत होती. कोपराला, गुडघ्याला, बोटांना लहान लहान पट्ट्या एकीवर एक सरकतील अशा बसवावयाच्या आणि आतून चामड्याच्या वाद्यांनी व फिरत्या खिळ्यांनी जोडावयाच्या. पत्रा सर्वत्र सारखा जाड नसे. छातीवर जाड, पाठीवर पातळ. छातीचा पत्रा मध्यभागी कण्यासारखा उंच ठेवीत, म्हणजे भाल्याचे टोक बसण्याऐवजी बाजूला घसरे. खेळाच्या द्वंद्वातील चिलखते ह्याहून पुष्कळ जड असत, कारण त्यात चपळाईपेक्षा सुरक्षितपणाला महत्त्व. ग्राट्सला दोन्ही प्रकार आहेत. सरदारांची उंची चिलखते इन्सब्रुकच्या मिखाएल वित्स ह्यासारख्या कारागिरांची. न्यूरेंबर्ग आणि आउग्सबुर्ग येथून आलेला मालही आहे. प्रत्यक्ष ग्राट्समध्येही हान्स प्रेनर नावाचा चिलखतकार होऊन गेला. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी इन्सब्रुकच्या कोनराड झॉइजनहोफरने घडविलेली घोड्याची पाखर हे ह्या संग्रहाचे एक भूषण समजतात. घोड्याचे मस्तक, मान, छाती आणि पुठ्ठा पोलादाने झाकून पुन्हा त्याला धावू द्यावयाचे, हे काम माणसाच्या चिलखतापेक्षा सोपे नव्हते.

सामान्य शिपायाच्या वाट्याला ही कलाकुसर येत नसे. त्याचे छातीचे व पाठीचे पत्रे ठोकात बनविलेले, काळ्या रंगाचे; चकाकी देण्याचा खर्चही वाचे आणि गंजही कमी चढे. ते कोणाच्याच मापाचे नसल्यामुळे सर्वांच्या मापाचे होते! कड्यांची चिलखते ही त्याहून जुनी गोष्ट. एकेक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवावयाची, तिची टोके चपटी करून त्यांत बारीकशी खिळी ठोकावयाची, आणि हजारो वेळा हेच करावयाचे. बंदुकीपुढे कडी टिकत नसे, तरी वाकड्या तलवारीच्या वारापुढे ती टिके. म्हणून तुर्कांच्या सरहद्दीवर तिचा उपयोग पश्चिम युरोपापेक्षा अधिक काळ होत राहिला.

शत्रूकडून उसने घेण्याची लाज ह्या सैन्यांना वाटत नसे. सतराव्या शतकात येथील घोडेस्वार जे शिरस्त्राण वापरीत, गोलसर टोप, मानेवर एकावर एक सरकत्या पट्ट्या आणि नाकासमोर वरखाली होणारी पट्टी असलेले, त्याचा घाट मूळचा तुर्की. त्याचे जर्मन नावही तुर्की शब्दापासूनच बनले आहे. हैदराबादच्या वा बडोद्याच्या संग्रहालयात जुने शिरस्त्राण पाहिलेल्या श्रोत्यांना ही नाकपट्टी अनोळखी वाटणार नाही. इस्तंबूल, इराण आणि हिंदुस्थान ह्यांच्या शस्त्रविद्येत एक धागा होता, आणि त्याचे एक टोक ग्राट्सपर्यंत पोहोचले होते. उलट दिशेनेही एक धागा आहे. ह्या शस्त्रागारातील तलवारींची पाती झोलिंगेन, पासाऊ अशा जर्मन गावांची, काहींवर धावत्या लांडग्याची खूण. अशाच युरोपीय पात्यांना आपल्याकडे मुठी बसवून ज्या तलवारी मराठ्यांनी वापरल्या, त्यांना 'फिरंग' हे नाव पडले.

परंतु शस्त्रागारातील सर्वाधिक जागा अडविली आहे ती बंदुकांनी. चिलखताला ज्याने हळूहळू निरुपयोगी केले तेच हत्यार चिलखताच्या शेजारी मांडलेले आहे. तोड्याच्या बंदुका, फिरत्या पोलादी चाकाने ठिणगी पाडणाऱ्या बंदुका, गारेच्या चकमकीच्या बंदुका, असा तिन्ही पिढ्यांचा संसार येथे नांदतो. चाकाच्या चकमकीने विशेष क्रांती केली. जळता तोडा हातात सांभाळणे घोडेस्वाराला कठीण. चाकाला किल्ली देऊन ठेवलेले पिस्तूल मात्र तो खोगिराला अडकवून नेऊ शके. त्या पिस्तुलांच्या भयाने छातीचे पत्रे जाड होत गेले, आणि ते पेलवेनासे झाले तेव्हा सैनिकांनी प्रथम पायांचे, मग हातांचे पत्रे टाकून दिले.

ह्या बंदुकांनी प्रत्यक्षात काय साधत असे, हा प्रश्न बरीच वर्षे तर्काने सोडविला जात होता. १९८८-८९ मध्ये ग्राट्सच्या अभ्यासकांनी तर्क बाजूला ठेवला. शस्त्रागारातील निवडक बंदुका व पिस्तुले ऑस्ट्रियन सैन्याच्या चाचणीस्थळी नेऊन, घोडीवर घट्ट आवळून, विजेच्या साहाय्याने दुरून उडविण्यात आल्या. निष्कर्ष चकित करणारे होते. नळीतून सुटताना गोळीचा वेग सेकंदाला सरासरी ४५० मीटरांच्या घरात होता. आजच्या पुष्कळ पिस्तुलांनाही तो गाठता येत नाही. मात्र गोळी वाटोळी, त्यामुळे हवेच्या विरोधाने हा वेग फार लवकर मरे. नेमही बेभरवशाचा. शंभर मीटरांवर माणसाएवढे लक्ष्य ठेवले असता, बंदूक घट्ट बांधलेली असूनही, सुमारे निम्म्याच गोळ्या त्याला लागत. भेदरलेल्या शिपायाच्या हातून, धुराच्या लोटात काय होत असेल ते निराळे सांगावयास नको. म्हणूनच शेकड्यांनी बंदुका एका ओळीत उभ्या कराव्या लागत, आणि म्हणूनच मांडण्यांवर त्या हजारांनी आहेत.

सर्वांत बोलका प्रयोग आणखी एक होता. सोळाव्या शतकातील खरा, सुमारे ३ मिलिमीटर जाडीचा छातीचा पत्रा समोर ठेवून नऊ मीटरांहूनही कमी अंतरावरून त्यावर चाकाच्या चकमकीचे पिस्तूल उडविण्यात आले. गोळी पत्रा भेदून गेली. परंतु त्यातच तिचा सारा जोर संपला. अंगातल्या कपड्यांच्या जागी मागे ठेवलेली तागाची दुपदरी घडी तिला फाडता आली नाही. पत्र्याला भोक आणि आतला मनुष्य, मुका मार सोडला तर, सुरक्षित! चिलखत वापरणारे लोक बंदुका आल्यानंतरही शंभराहून अधिक वर्षे ते का वापरीत राहिले, ह्याचे उत्तर त्या तागाच्या घडीने दिले.

ह्या सर्व वस्तू वितळून जावयाच्या होत्या. १६६४ मध्ये स्टायरियाच्या सीमेवर मोगर्सडॉर्फला तुर्की सैन्य अडविले गेले, १६८३ मध्ये व्हिएन्नाचा दुसरा वेढा उठला, १६९९ मध्ये कार्लोविट्झचा तह झाला. सरहद्द दूर सरकली आणि शिलेखान्याचे दरवाजे क्वचित उघडू लागले. १७४० मध्ये मारिया थेरेसा गादीवर आली ती युद्धाच्या धामधुमीतच. प्रशियाने तिचा सायलेशिया हिरावून घेतला तेव्हा तिला कळून चुकले की, प्रत्येक प्रांताच्या सभेकडे पैशासाठी हात पसरून आधुनिक सैन्य उभे राहत नाही. १७४८ च्या सुमारास तिचा मंत्री हाउगविट्स ह्याने करांची आणि सैन्याची सारी व्यवस्था प्रांतांकडून काढून मध्यवर्ती सत्तेच्या हाती दिली. मग प्रांताला शस्त्रागार कशाला? १७४९ मध्ये व्हिएन्नाहून विचारणा आली की, ग्राट्सचा साठा मोडीत काढावा.

व्यवहाराच्या दृष्टीने ह्यात वावगे काही नव्हते. साठ वर्षे जुनी बंदूक सैन्याला नको होती, आणि छातीच्या पत्र्यांचे लोखंड नांगरांना चालले असते. परंतु प्रांताच्या प्रतिनिधींनी विनंती केली की, हा साठा राहू द्यावा. उपयोगाचा मुद्दा त्यांनी पुढे केलाच नाही. केला असता तर ते हरले असते. ह्या प्रांताने पिढ्यान् पिढ्या जी झळ सोसली आणि जी निष्ठा राखली तिची ही खूण आहे, पूर्वजांच्या शौर्याचे हे स्मारक आहे, एवढेच त्यांचे म्हणणे. सम्राज्ञीने ते मान्य केले. युद्धाचा अधिकार गेला, साधने राहिली. कोणी म्हणेल की हा सौदा प्रतिनिधींच्या तोट्याचा झाला. तथापि जुनी हत्यारे हे भंगार नसून इतिहास आहे, असे युरोपात एका लोकसभेने १७४९ मध्ये म्हणावे आणि राज्यकर्तीने ते ऐकावे, ही घटना लहान नव्हे. त्या वेळी ब्रिटिश म्यूझियमचीही स्थापना झालेली नव्हती.

ग्राट्सच्या लोकांना ही सवयच असावी. १८०९ मध्ये नेपोलियनशी झालेल्या तहानुसार नगरावरच्या टेकडीचा किल्ला सुरुंग लावून उडविण्याचे ठरले, तेव्हा नागरिकांनी फ्रेंचांना पैसे मोजून त्यातील घड्याळाचा मनोरा आणि घंटेचा मनोरा विकत घेतले. किल्ला गेला, ते दोन मनोरे आजही उभे आहेत.

शस्त्रागार १८९२ मध्ये योआनेउम ह्या प्रांतिक संग्रहालयात सामील झाले. योआनेउमची स्थापना आर्चड्यूक योहान ह्याने १८११ मध्ये केली होती. पुढे १९९९ मध्ये ग्राट्सचे जुने नगर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. मधल्या काळात संग्रह 'सुधारण्याचा' मोह संग्रहालयाच्या चालकांनी टाळला, ह्याबद्दल त्यांचे आभारच मानावयास हवेत. निवडक पन्नास वस्तू दिव्याखाली ठेवून बाकीच्या तळघरात टाकल्या असत्या तर एक चांगले संग्रहालय झाले असते आणि शस्त्रागार संपले असते. आजही चिलखते मांडणीवरच आहेत. बोटांचा घाम लोखंडाला चावतो, म्हणून हात लावण्यास मनाई. शतकानुशतके शिकलगारांनी केलेले पुसण्याचे काम आता संग्रहालयाचे तज्ज्ञ करतात. हिवाळ्यात वाटाड्याबरोबरच आत जावे लागते. जिने चढून सर्वांत वरच्या मजल्यावर गेले की, भाल्यांच्या रांगांपलीकडच्या खिडक्यांतून शेजारच्या जुन्या प्रांतिक कचेरीचे कमानीदार अंगण दिसते. स्टायरियाची निवडून आलेली प्रांतिक सभा आजही त्याच वास्तूत भरते.